घरचं टीपीएन आणि त्यावरचं संशोधन: रुग्ण आणि नातेवाईक विचारतात ते प्रश्न

आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं, लहान आतडं थोडंच उरलं, आणि डॉक्टर म्हणाले की आता शिरेतून अन्न, म्हणजे टीपीएन, द्यावं लागेल, कदाचित घरीसुद्धा, कदाचित बराच काळ. त्या रात्री घरातलं कुणीतरी मोबाइल घेऊन बसतं आणि समोर परदेशी ट्रायल्सची नावं, लिटरचे आकडे आणि टक्केवाऱ्या येतात. हे पान अशा वाचकांसाठी आहे. उपचार तुमची टीमच ठरवेल. इथे फक्त संशोधन काय सांगतं आणि ते वाचायचं कसं, एवढंच आहे.

आतडं ‘निकामी’ झालं म्हणजे नक्की काय?

मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण तीन ते आठ मीटर असतं. दोन मीटरपेक्षा कमी उरलं तर त्याला शॉर्ट बॉवेल म्हणतात. पण आतडं आखूड असणं वेगळं आणि निकामी असणं वेगळं. एस्पेन या युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संस्थेने २०१५ मध्ये जी व्याख्या केली तीच आता बहुतेक संशोधनात वापरतात: शोषणाची ताकद इतकी घटली की शिरेतून पाणी, क्षार किंवा अन्न दिल्याशिवाय तब्येत, आणि मुलांच्या बाबतीत वाढ, टिकत नाही. भरपूर खाऊन आणि औषधं घेऊन माणूस तगत असेल तर ती शोषणाची कमतरता, फेल्युअर नव्हे.

याचे तीन प्रकार करतात. पहिला ऑपरेशननंतर काही दिवसांत आपोआप सुधारतो. दुसरा आठवडे किंवा महिने चालतो, बहुधा फिस्टुला (आतड्याला पडलेलं, भलतीकडे उघडणारं भोक) किंवा सेप्सिस (अंगभर भिनलेलं इन्फेक्शन) यांच्यासोबत. तिसरा महिनोन् महिने, वर्षानुवर्षं, कधी कायमचा. घरच्या टीपीएनचं जवळजवळ सगळं संशोधन या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. कॅन्सर नसलेल्या अशा २,९१९ प्रौढ रुग्णांची २२ देशांतल्या ६५ केंद्रांत पाहणी झाली, तेव्हा सुमारे ६४ टक्क्यांना शॉर्ट बॉवेल होतं. बाकीच्यांत आतड्याची हालचाल बिघडलेली होती, फिस्टुला किंवा अडथळा होता, किंवा आतलं अस्तरच खराब झालं होतं.

किती आतडं उरलं, यावरून टीपीएन कायमचं लागेल का ते कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, पण फक्त लांबी सांगून नाही. फ्रान्समधल्या १२४ प्रौढ रुग्णांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही आधार मानतात. टीपीएन कायम लागण्याची शक्यता कधी वाढते ते त्यातून दिसलं: लहान आतडं थेट पोटावर स्टोमा म्हणून (कातडीवर उघडणारं तोंड, त्यावर पिशवी) काढलं असेल तर १०० सेंटिमीटरपेक्षा कमी उरल्यावर, ते मोठ्या आतड्याला जोडलं असेल तर ६५ पेक्षा कमी उरल्यावर, आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, त्याची झडप आणि अख्खं मोठं आतडं शाबूत असेल तर ३० पेक्षा कमी उरल्यावर. म्हणजे मोठं आतडं जोडलेलं असणं ही फार मोठी कमाई. लहान आतड्यात न पचलेल्या पिष्टापासून तिथले जिवाणू ऊर्जा काढून देतात, आणि पाणी तर तिथेच शोषलं जातं.

म्हणून एक विनंती. डिस्चार्ज कार्डावर अनेकदा ‘लहान आतड्याचा मोठा भाग काढला’ एवढंच लिहिलेलं असतं. किती काढलं याचा पुढे कुणालाच उपयोग नसतो. किती उरलं, कुठला भाग उरला आणि तो कशाला जोडला, हे तिन्ही लिहून मागा. कुठल्याही ट्रायलच्या दारात हाच पहिला प्रश्न येतो.

रक्तातल्या सिट्रुलिनचीही मदत होते. हे अमिनो आम्ल प्रामुख्याने लहान आतड्याच्या पेशीच बनवतात. त्यामुळे त्याची पातळी दर लिटरला २० मायक्रोमोलच्या खाली असेल तर काम करणारं आतडं कमी आहे असा अंदाज बांधतात. किडनी बिघडलेली असेल तर मात्र तो आकडा फसवतो.

मग तोंडाने खायचं बंद?

उलट. बहुतेकांना खायला सांगतात, आणि नेहमीपेक्षा जास्त. आतड्यात अन्न गेलं तरच ते जुळवून घेतं, आणि हे जुळवून घेणं पहिली दोन वर्षं तरी चालू राहतं.

चूक होते ती पिण्यात. पोटावर स्टोमा असलेला माणूस तहान लागली म्हणून साधं पाणी, चहा, नारळपाणी पीत राहतो, आणि स्टोमाची पिशवी आणखी जोरात भरते. आखूड उरलेल्या वरच्या आतड्यात कमी मीठ असलेलं पाणी गेलं की ते शरीरातलं सोडियम आपल्याकडे ओढून घेतं. त्यामुळे प्यायल्यापेक्षा जास्त बाहेर पडतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम कमीच असतं. इंग्लंडमध्ये अशा रुग्णांना एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा घालून घोट घोट प्यायला देतात. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या ओआरएसमध्ये सोडियम यापेक्षा कमी असतं. तुमच्यासाठी काय आणि किती ते टीमच ठरवेल, पण ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला इथे लागू नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. भेटायला येणाऱ्या मावशी-आत्यांनाही.

शिरेतून जेवण देऊन माणूस जगवायची कल्पना कुणाची?

एकाची नाही. स्वीडनचे आर्विड रेटलिंड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या फॉस्फोलिपिडपासून शिरेतून देता येईल असं स्निग्ध द्रावण बनवलं. त्याआधीची तेलं घातक ठरली होती. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात स्टॅन्ली डुड्रिक आणि सहकाऱ्यांनी बीगल जातीच्या पिल्लांना फक्त शिरेतून अन्न देऊन वाढवलं आणि १९६८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास फिलाडेल्फियात एका नवजात मुलीलाही तसंच वाढवलं गेलं. नेहमीच्या हाताच्या शिरेतून इतकं घट्ट द्रावण देता येत नाही, शीर जळते. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत वेगाने वाहणारं रक्त ते लगेच पातळ करतं. सगळी युक्ती यात होती.

घरी नेण्याची वाट डायलिसिसवाल्यांनी दाखवली. सिअॅटलचे बेल्डिंग स्क्रिबनर, ज्यांच्या शंटमुळे कायमचं डायलिसिस शक्य झालं, त्यांनीच १९७० मध्ये ‘कृत्रिम आतडं’ हा विचार मांडला. न्यूयॉर्कमध्ये मॉरिस शिल्स यांनी त्याच सुमारास रुग्ण घरी पाठवला. टोरांटोत १९७० मध्ये आतडं गमावलेल्या एका तरुण आईला घरी पाठवलं, ती पुढे सुमारे वीस वर्षं शिरेतल्या अन्नावर जगली. तिचे डॉक्टर खुर्शीद जीजीभॉय. त्यांनी वेल्लोरला शिक्षण घेतलं आणि टोरांटोला जाण्याआधी काही वर्षं मुंबईत संशोधन केलं.

टीपीएनच्या पिशवीत काय असतं? ग्लुकोजच्या सलाईनपेक्षा काय वेगळं?

ग्लुकोज, अमिनो आम्लं, स्निग्ध पदार्थ, सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियम-मॅग्नेशियम-फॉस्फेट, जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं. बहुतेक जण रात्री दहा ते चौदा तास पंपावर चढवतात, म्हणजे दिवस मोकळा राहतो. काहींना रोज लागते, काहींना आठवड्यातून दोन-तीन रात्री. काहींना पूर्ण पिशवी लागतच नाही, नुसतं पाणी आणि क्षार पुरतात.

यातल्या काही सूक्ष्म खनिजांची माणसाला असलेली गरज कळली ती प्रयोगशाळेत नाही, रुग्णांच्या शरीरात. जीजीभॉय यांच्या टीमने १९७७ मध्ये एका स्त्री-रुग्णाची हकीगत छापली. साडेतीन वर्षं टीपीएनवर असताना तिची साखर बिघडली, वजन घटलं, हातापायांच्या नसा कमजोर झाल्या. इन्शुलिनने भागेना, क्रोमियम दिल्यावर सुधारणा झाली. सेलेनियम नसल्यामुळे स्नायू आणि हृदय दुबळं झालेले रुग्णही त्याच काळात सापडले. कित्येक गोष्टी आपण अन्नातून न कळत खातो, त्या पिशवीत घालायला कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. उलटंही घडलं. सुरुवातीच्या काही द्रावणांत दुधाच्या केसीनपासून काढलेली प्रथिनं असत, त्यातून अॅल्युमिनियम शरीरात जाऊन हाडं दुखणारे, मोडणारे रुग्ण तयार झाले. यकृत मंदावलं असेल तर मँगनीज मेंदूत साचतं. म्हणून दर काही महिन्यांनी या खनिजांची रक्ततपासणी सांगतात. ती महाग आहे आणि टाळावीशी वाटते, पण टाळू नका.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

लाइनचं इन्फेक्शन. हृदयाजवळ टोक असलेल्या नळीतून जंतू आत गेला की थेट रक्तात जातो. त्वचेखालून बोगद्यासारखी फिरवून आणलेली हिकमनसारखी लाइन, एकच तोंड असलेली आणि फक्त याच कामासाठी राखलेली, हात धुण्याची शिस्त, क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने कनेक्टर पुसणं, आणि हे सगळं शिकवणारी एक चांगली नर्स: इन्फेक्शन कमी करणाऱ्या या गोष्टी आहेत. दिसायला अगदीच साध्या. माझं मत विचाराल तर या क्षेत्रातल्या कुठल्याही इंजेक्शनपेक्षा या नर्सने जास्त जीव वाचवलेत. तिच्यावर पेपर कमी निघतात, एवढंच.

पिशवी जोडल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून ताप आला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते लाइनचंच इन्फेक्शन धरायचं. पंप बंद करून दवाखाना गाठायचा. अँटिबायोटिकच्या आधी लाइनमधून आणि हातातून, दोन्हीकडून ब्लड कल्चर घ्यायला सांगायचं. वाट बघत, क्रोसिन घेत घरी थांबायचं नाही.

‘दर १००० कॅथेटर-दिवसांमागे’ म्हणजे काय? हा आकडा सगळीकडे दिसतो.

एका रुग्णाच्या अंगात लाइन किती दिवस आहे ते मोजायचं, सगळ्यांचे दिवस एकत्र करायचे, आणि त्यात इन्फेक्शन किती वेळा झालं ते बघायचं. हजार दिवस म्हणजे जवळपास पावणेतीन वर्षं. जगभरच्या प्रौढांच्या अभ्यासांत हा दर ०.३८ पासून ४.५८ पर्यंत आढळला आहे. पहिला आकडा म्हणजे साधारण सात वर्षांतून एकदा, दुसरा म्हणजे सात महिन्यांतून एकदा. एवढी तफावत एकाच उपचारात. म्हणून केंद्र निवडताना त्यांचा स्वतःचा दर किती, हे विचारायला लाजू नका. आकडा माहीत नसणं हेही एक उत्तरच आहे.

टॉरोलिडिन लॉकबद्दल ऐकलं. खरंच उपयोग होतो?

होय, आणि इथे पुरावा चांगला आहे. पिशवी उतरवल्यावर लाइनमध्ये काहीतरी भरून ठेवावं लागतं. पूर्वी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) भरत, नंतर बऱ्याच ठिकाणी साधं सलाईन. टॉरोलिडिन जंतू मारतं, आणि जंतू त्याला सरावल्याचं आतापर्यंत फारसं दिसलेलं नाही.

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या टीमने २०१० मध्ये आधी इन्फेक्शन होऊन गेलेले ३० रुग्ण घेतले. पुन्हा इन्फेक्शन होण्याचा दर हेपरिनच्या गटात हजार दिवसांमागे २.०२ आणि टॉरोलिडिनच्या गटात ०.१९ आला. कोपनहेगनमध्ये ४१ रुग्णांची ट्रायल झाली: हेपरिनच्या गटात सात इन्फेक्शन्स, टॉरोलिडिनच्या मिश्रणावर शून्य. मग २०१८ मध्ये अनेक देशांतली १०५ रुग्णांची ट्रायल आली, आणि यात तुलना साध्या सलाईनशी होती. नवी लाइन बसवलेल्यांत दर १.४९ विरुद्ध ०.२९ निघाला. रुग्णाच्या हिशेबाने सांगायचं तर पावणेदोन-दोन वर्षांतून एकदा अॅडमिट होण्याऐवजी नऊ वर्षांतून एकदा. जुन्या लाइनवाल्यांतही फरक त्याच दिशेने होता.

एस्पेन आता प्रतिबंधासाठी टॉरोलिडिन सुचवते. अमेरिकेत मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये टॉरोलिडिन-हेपरिनच्या मिश्रणाला मान्यता मिळाली ती डायलिसिसच्या रुग्णांपुरतीच. औषध तेच, शीरही तीच, पण ट्रायल ज्या रुग्णांवर झाली परवानगी त्यांनाच, असा हा कारभार असतो.

टेडुग्लूटाइडने टीपीएन सुटतं का?

काहींचं सुटतं. बहुतेकांचं कमी होतं. काहींचं काहीच होत नाही.

जेवल्यावर आतडं जीएलपी-२ नावाचं हार्मोन सोडतं. त्याने आतड्याचं अस्तर वाढतं, हे टोरांटोत डॅनियल ड्रकर यांच्या टीमने १९९६ मध्ये उंदरांत दाखवलं. मूळ हार्मोन काही मिनिटांत विघटित होतं. त्यातलं एक अमिनो आम्ल बदलून टिकाऊ केलेला प्रकार म्हणजे टेडुग्लूटाइड, रोज एक इंजेक्शन कातडीखाली. स्टेप्स नावाच्या ट्रायलमध्ये ८६ रुग्ण होते, निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासीबो (औषध नसलेलं, तसंच दिसणारं इंजेक्शन), २४ आठवडे. दोन्ही गट सुरुवातीला आठवड्याला सुमारे १३ लिटरवर होते. शिरेतलं द्रव किमान २० टक्क्यांनी कमी झालं आणि तसंच राहिलं, असे रुग्ण औषधाच्या गटात ६३ टक्के आणि प्लासीबोच्या गटात ३० टक्के निघाले. आठवड्याला औषधाने ४.४ लिटर कमी झालं, प्लासीबोने २.३. आठवड्यातली निदान एक रात्र सुट्टी मिळालेले औषधाच्या गटात ५४ टक्के होते, प्लासीबोच्या गटात २३. युरोप आणि अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पुढे दोन वर्षं औषध चालू ठेवून पाहिलं, त्यात १३ जणांचं टीपीएन पूर्ण सुटलं.

थांबा. प्लासीबोने २.३ लिटर कसं कमी झालं? पाण्याच्या इंजेक्शनने आतडं वाढलं?

हा माझा आवडता प्रश्न, आणि याचं उत्तर समजलं की या क्षेत्रातला कुठलाही पेपर नीट वाचता येतो.

आतडं किती शोषतं हे थेट मोजायचं तर रुग्णाला दोन-तीन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवून खाल्लेलं सगळं आणि बाहेर पडलेलं सगळं तोलावं लागतं. कोपनहेगनमध्ये असे अभ्यास झाले आहेत, पण शेकडो रुग्णांवर ते करणं जमत नाही. म्हणून मोठ्या ट्रायल्समध्ये लघवी मोजतात. तर्क असा: शोषण वाढलं तर शरीरात पाणी जास्त येईल, लघवी वाढेल. स्टेप्समध्ये नियम होता की ४८ तासांची लघवी सुरुवातीपेक्षा १० टक्क्यांनी वाढली की पिशवी १० ते ३० टक्क्यांनी कमी करायची.

आता विचार करा. लघवी वाढायला आतडं वाढण्याची गरज आहे का? आशेने भरलेला रुग्ण थोडं जास्त प्यायला तरी लघवी वाढते. शिवाय घरी असताना बऱ्याच जणांची पिशवी गरजेपेक्षा जरा मोठीच असते, कारण डॉक्टरांना डिहायड्रेशनची भीती असते आणि कमी करून बघायला कुणाला वेळ नसतो. ट्रायल सुरू होण्याआधी पिशवी नीट बसवण्याचा टप्पा ठेवतात तो यासाठीच, तरी ती ढील पूर्ण निघत नाही. ट्रायलमध्ये दर काही आठवड्यांनी कुणीतरी लघवी मोजतं, फोन करतं, आणि कमी करायचं धाडस करतं.

याचा एक अर्थ उघड आहे: औषधाचा स्वतःचा परिणाम म्हणजे दोन आकड्यांमधला फरक, आठवड्याला सुमारे दोन लिटर. जाहिरातीत नुसता ४.४ दिसेल. दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही रुग्णांची पिशवी कुठल्याही महाग औषधाशिवाय, नुसत्या काटेकोर देखरेखीने कमी होऊ शकते. तुमच्या टीमला विचारा, माझी पिशवी शेवटची कधी तपासली? स्वतःहून मात्र कमी करू नका. किडनी हळूहळू बिघडते आणि कळतही नाही.

याच ट्रायलमध्ये जीवनमानाची प्रश्नावली होती. औषधाच्या गटातल्या लोकांना आधीपेक्षा बरं वाटलं, पण प्लासीबोशी तुलना केली तर संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस फरक निघाला नाही. लिटर कमी होणं म्हणजे आयुष्य सुधारणं असं आपोआप धरू नका. चार रात्री पंप लावणारा माणूस त्याच चार रात्री, फक्त लहान पिशवी लावत असेल, तर त्याची झोप तशीच तुटते. पंपामुळे रात्री तीन-चारदा लघवीला उठणं ही रुग्णांची फार जुनी तक्रार आहे. म्हणून पेपर वाचताना लिटर सोडा आणि सुट्टीच्या रात्री किती मिळाल्या तो तक्ता शोधा.

आठवड्यातून एकदाच घ्यायची नवी इंजेक्शन्स येणार होती ना?

टेडुग्लूटाइडच्याच जातीची दोन आहेत: ग्लेपाग्लूटाइड आठवड्यातून दोनदा, अॅप्राग्लूटाइड एकदा. पहिल्याची ट्रायल १०६ रुग्णांवर झाली, पण एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये अर्ज परत पाठवला. दुसऱ्याच्या मोठ्या ट्रायलचे निकाल २०२४ मध्ये चांगले आले, तरी २०२५ मध्ये एफडीएने खात्रीसाठी आणखी एक ट्रायल मागितली.

रुग्ण इतके कमी का? ब्लडप्रेशरच्या ट्रायलमध्ये हजारो असतात.

कारण आजारच दुर्मीळ आहे, आणि दोन रुग्णांची आतडी सारखी नसतात. त्यामुळे ८६ रुग्णांसाठी अनेक देशांतली केंद्रं लागतात. शिवाय काही प्रश्नांवर ट्रायल करणंच अनैतिक ठरेल: टीपीएन देणं विरुद्ध न देणं अशी चिठ्ठी कोण टाकेल? म्हणून मोठे निष्कर्ष वर्षानुवर्षं नोंदी ठेवून काढावे लागतात. ५१ केंद्रांतल्या २,१९४ रुग्णांच्या अशा नोंदींतून दिसलं की पिशवी जितकी मोठी, तितका वर्षभरातला मृत्यूचा, यकृत बिघडण्याचा आणि लाइन इन्फेक्शनचा धोका जास्त, आणि दिवसाला तीन लिटरच्या पुढे तो सर्वाधिक. नोंदींचा दोष असा की जास्त आजारी माणसालाच मोठी पिशवी लागते. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे पूर्ण सुटत नाही.

यकृत खराब होतं म्हणतात. तेलामुळे?

बऱ्याच अंशी. फ्रान्समधल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात (२०००) सोयाबीन तेलाचं स्निग्ध द्रावण रोज किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त मिळणाऱ्यांत यकृताचा त्रास जास्त दिसला. म्हणून प्रौढांना दीर्घकाळ देताना त्याखाली राहतात, किंवा ऑलिव्ह, नारळ आणि माशाचं तेल मिसळलेली द्रावणं वापरतात. वारंवार होणारी इन्फेक्शन्स, गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज आणि तोंडाने काहीच न खाणं हीसुद्धा कारणं आहेत.

मुलांमधली गोष्ट जास्त नाट्यमय आहे. बॉस्टनमध्ये २००४ च्या सुमारास टीपीएनवरची, कावीळ वाढत गेलेली बाळं फक्त माशाच्या तेलाच्या द्रावणावर ठेवली, आणि कित्येकांची कावीळ उतरली. एफडीएची मान्यता यायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात खास परवानगी काढूनच ते द्यावं लागे.

लहान मुलांचं भविष्य मोठ्यांपेक्षा वाईट असतं का?

तसं नाही. बाळाचं आतडं शरीराबरोबर लांबीने वाढतं, मोठ्यांचं नाही. म्हणून आखूड आतडं असलेली बरीच मुलं काही वर्षांत टीपीएनमधून बाहेर येतात. टेडुग्लूटाइडला अमेरिकेत २०१९ पासून एक वर्षावरच्या मुलांसाठी मान्यता आहे.

माणूस किती वर्षं जगतो? त्यापेक्षा आतड्याचं प्रत्यारोपण करून टाकलं तर?

युरोपात पाच वर्षं पाठपुरावा करून २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात, प्रत्यारोपणाची गरज नसलेल्या घरच्या टीपीएनवरच्या रुग्णांपैकी ८७ टक्के पाच वर्षांनी हयात होते. प्रत्यारोपण झालेल्यांत हा आकडा ५४ टक्के होता. दोन्ही गट सारखे नव्हते, प्रत्यारोपणाला जाणारे आधीच जास्त आजारी असतात. तरी त्यातून धोरण ठरलं: टीपीएन नीट चालत असेल तर तेच आधी, आणि यकृत निकामी होऊ लागलं किंवा लाइन घालायला शिराच उरल्या नाहीत तर प्रत्यारोपणाचा विचार. टीपीएनवर दगावणाऱ्यांत बहुतेकांचा मृत्यू मूळ आजाराने होतो, लाइनने किंवा यकृताने नाही.

पोटात पसरलेल्या कॅन्सरमुळे आतडं बंद झालं असेल तर?

इथे पुरावा पातळ आहे. कॉक्रेन या, झालेले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये १३ अभ्यास आणि ७२१ रुग्ण तपासले, आणि आयुष्य वाढतं की नाही याबद्दल खात्रीने काहीच म्हणता येत नाही, असं सांगितलं. किती दिवस मिळतील आणि त्यातले किती पंपाला जोडलेले असतील, हे पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणारे उपचार देणाऱ्या) टीमबरोबर आधी मोकळेपणाने बोला.

भारतात, महाराष्ट्रात काय परिस्थिती आहे?

इंग्लंड, डेन्मार्क, फ्रान्समध्ये पिशवी, पंप आणि नर्स सरकारी आरोग्यव्यवस्थेतून घरी येतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. मोजकी मोठी रुग्णालयं घरी पाठवतात आणि खर्च बहुधा कुटुंबावर पडतो. पश्चिमेकडे क्रोन्सच्या (आतड्याला वारंवार सूज आणणारा आजार) रुग्णांचं प्रमाण मोठं आहे, आपल्याकडे आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन आतडं काळं पडलेले, कमावत्या वयाचे रुग्ण जास्त दिसतात. त्यामुळे परदेशी ट्रायलचे आकडे जसेच्या तसे लावताना जरा सबुरी हवी. शिवाय तिथला प्लासीबो गटसुद्धा तुमच्या-आमच्यापेक्षा चांगल्या देखरेखीत होता.

पिशवी दोन ते आठ अंशांत ठेवायची असते, आणि गावाकडे वीज जाते. कप्प्याकप्प्यांच्या तयार पिशव्या आयत्या वेळी फोडून एकत्र करतात, त्या खोलीच्या तापमानाला टिकतात, म्हणून इथे त्या जास्त सोयीच्या. जीवनसत्त्वं आणि खनिजं त्यात वेगळी घालावी लागतात, तेवढं विसरू नका. इंग्लंडमध्येही २०१९ मध्ये एका मोठ्या उत्पादकाच्या कामावर नियामकाने निर्बंध आणले, तेव्हा शेकडो रुग्णांना महिनोन् महिने अशाच तयार पिशव्यांवर काढावे लागले.

ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर?

भारतातली प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावीच लागते, आणि ती कुणालाही बघता येते. नोंदणी क्रमांक मागा. संमतीपत्र मराठीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. ते घरी आणा, दोन दिवस ठेवा, घरातल्या डोकेबाज माणसाला वाचायला द्या. विचारायचं ते असं: लघवी आणि स्टोमाची पिशवी किती वेळा मोजावी लागेल, कामाचे किती दिवस बुडतील, प्रवासखर्च मिळेल का, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देईल. आणि सगळ्यात अवघड प्रश्न: ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का? जीएलपी-२ ची औषधं थांबवली की परिणाम हळूहळू ओसरतो. सहा महिने तीन रात्री सुटल्या आणि मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं, हे सोसायला मन तयार हवं.

अमेरिकेतल्या भाच्याकडून टेडुग्लूटाइड मागवलं तर?

नको. पहिली गोष्ट पैशाची: अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा त्याची वर्षाची किंमत २,९५,००० डॉलर होती. पण फुकट मिळालं तरी नको. हे औषध आतड्याचं अस्तर वाढवतं, म्हणून सुरू करण्याआधी सहा महिन्यांच्या आत कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या गाठी, काढावे लागतात. ज्याला आतड्याचा कॅन्सर आहे किंवा तशी शंका आहे त्याला ते देत नाहीत. शोषण वाढलं की तोंडाने घेतलेली इतर औषधंही जास्त शोषली जातात, झोपेच्या गोळ्या आणि हृदयाची औषधं त्यात आली. आणि पिशवी त्या प्रमाणात कमी केली नाही तर पाणी साचतं, पाय सुजतात, हृदय कमजोर असेल तर धाप लागते. भाचा औषध पाठवेल, पण दर आठवड्याला लघवी मोजून पिशवी बदलणारी टीम पाठवू शकत नाही.